अग्रनद

पट्टी लोखंडी, पांढरी, दर सेंटिमीटरला काळी रेघ.
वडिलांनी अठरा वर्षं तिच्यासमोर उभं राहून
रोज सकाळी सहाला वहीत लिहिलं: शून्य.
बोतेती नदीत तेव्हा वाळू होती,
वाळूत गाढवांच्या वाटा,
आणि राकोप्सची पोरं पात्रात फुटबॉल खेळायची,
पट्टी हा एक गोलपोस्ट.
तरी ते लिहीत. पगार पाण्याचा नाही, म्हणत,
पगार बघण्याचा आहे.

आता पट्टी माझी.
माझं नाव मोसेत्सानागापे, म्हणजे 'परत मुलगीच'.
चौथी मी. आईच्या तोंडून जे निघालं
तेच दाखल्यावर चढलं.
नावं अशीच पडतात. कुणीतरी दमलेलं असतं,
कुणीतरी शेजारी बसून लिहून घेतं.

ऑगस्टात, रात्री आठच्या पुढे,
आग्नेयेला काटेरी झाडांवर
निळसर पांढरा एक तारा येतो.
गुराखी त्याला सेनाकाने म्हणतात, छोटं शिंग;
मोठं शिंग मध्यरात्र उलटल्यावर निघतं.

भाचा त्सेपांग गाबोरोनला शिकतो. फोनवर म्हणाला,
मावशी, ह्याचं पुस्तकातलं नाव आखेरनार,
मूळ अरबी: आखिर अन्-नहर, नदीची अखेर.
कुठली नदी?
आकाशातली. मंद ताऱ्यांची,
वळणं घेत दक्षिणेला उतरणारी.
आणि गंमत म्हणजे, हे नाव आधी ह्याचं नव्हतंच.
ज्यांनी जुने तक्ते लिहिले
त्यांच्या क्षितिजाखाली हा बुडालेला;
त्यांची नदी बरीच वर, एका फिकट ताऱ्यापाशी संपे.
मग जहाजं दक्षिणेला आली, आणखी आकाश दिसलं,
कुणीतरी नदी पुढे ओढली
आणि अखेर उचलून ह्याच्या गळ्यात घातली.
तो फिकट तारा अजून तेच नाव वापरतो,
थोडं मोडकं.

मला हे समजावून सांगावं लागलं नाही.
अंगोलातला पाऊस कित्येक महिने चालत येतो,
लव्हाळ्यांतून, पाणघोड्यांच्या पोटाखालून,
उन्हाला बहुतेक सगळा देऊन
उरेल तेवढा आमचा.
एखाद्या वर्षी मोतोपीलाच संपतो,
एखाद्या वर्षी आम्हाला ओलांडून
पार मिठाच्या मैदानाकडे.
अखेर आहे. पत्ता नाही.

वडील गेले, त्याच्या पुढच्या वर्षी
एका रात्री कुत्री भुंकायला लागली.
काटक्या, फेस, मेलेले नाकतोडे ढकलत
वाळूवरून पाण्याची जीभ येत होती,
माणसाच्या चालीपेक्षा हळू.
म्हातारी माणसं अनवाणी
तिच्यासमोर एकेक पाऊल मागे सरत होती,
पाहुण्याला दार मोकळं करून देतात तशी.
मी टॉर्च धरून पट्टीपाशी.
तीन सेंटिमीटर, लिहिलं. हात कापला.
दुसऱ्या दिवशी माउनच्या ऑफिसातून फोन:
बाई, हा तीन आहे की आठ?

त्सेपांग सांगतो, तो तारा गोल नाहीच.
स्वतःभोवती असा भन्नाट फिरतो
की कमरेत फुगलाय, माथ्याला चेपलाय,
चाकावरच्या ओल्या गोळ्यासारखा;
अंगातला वायू उधळून
मधूनमधून स्वतःभोवती कडं घालतो.
आज दिसतो तो उजेड एकशे चाळीस वर्षांपूर्वी निघालेला.
तेव्हा पट्टी नव्हती.
पाणी होतं की नव्हतं, कुणी लिहिलं नाही.

एवढं गरगरणारं
इथून किती निवांत दिसतं.
वडीलही तसेच दिसायचे, पट्टीसमोर.

ह्या वर्षी अजून नाही आलं.
सकाळचे सहा. शून्य.
शेऱ्याच्या रकान्यात, जो कुणी वाचत नाही, लिहिलं:
वाळू खणली. कोपरापर्यंत हात गेल्यावर
बोटांना गार लागलं.